‘परत याल याचा पुरावा काय?’

(संघटनेच्या वार्षिक अभ्यासशिबिरात एका सामाजिक कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘थोड्या दिवसांचा परदेशप्रवास आणि व्हिसाचे नियम’ असा विषय छापलाय. काल रात्री पंगतीत दोघीतिघींनी हसत हसत विचारलंच, की रेशनकार्ड, पोटगी आणि घरकुलाचे अर्ज संपले का आपले, की आता विमानाच्या गोष्टी करायच्या? प्रश्न रास्त आहे. मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा विषय सुखवस्तू लोकांचाच वाटत होता. म्हणून आधी एक हकिगत सांगते.

आमच्या भागात घरकामगार बायकांची संघटना आहे. तिथली एक कार्यकर्ती, वय बेचाळीस, पाच घरची धुणीभांडी करते. नवरा वारला त्याला नऊ वर्षं झाली. दोन मुली, एक नववीत आणि एक बारावीत. तिला युरोपातल्या एका देशात पाच दिवसांच्या बैठकीसाठी बोलावणं आलं. घरकामगारांच्या हक्कांवर तिथे बोलायचं होतं. जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं, खाणं सगळं आमंत्रण देणारे करणार होते. आम्ही पासपोर्ट काढला, फॉर्म भरला, तिला मुंबईला घेऊन गेलो. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला आणि बरोबर एक छापील कागद. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू पडेल त्या कारणापुढे खूण करतात. तिच्या कागदावर खूण होती ती अशा अर्थाच्या वाक्यापुढे : व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही आमचा देश सोडाल याबद्दल आम्हांला वाजवी शंका आहे.

मी तिला ते मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ताई, माझ्या पोरी इथं हायेत. मी तिकडं ऱ्हायले तर त्यांना काय दारात बसवू?”

त्या दिवशी मी ठरवलं की हे प्रकरण मुळातून समजून घ्यायचं.

व्हिसा म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या घरी जाण्याची परवानगी. ती देणं न देणं हा त्या देशाचा अधिकार, हे सगळे देश मानतात, आपलाही मानतो. पण देशाबाहेर जाणं हा मात्र आपला हक्क आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात तो मान्य केला आणि त्यानंतरच आपला आजचा पासपोर्ट कायदा आला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने तो आणखी पक्का केला. सरकारने एका बाईचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त केला, त्यातून घटनेच्या एकविसाव्या कलमाचा अर्थच रुंदावला. बायकांच्या पासपोर्टाचा इतिहास असा थोर आहे. प्रत्यक्ष खिडकीवर मात्र वेगळं चालतं, त्याकडे येतेच.

गंमत म्हणजे आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना ना पासपोर्ट लागला ना व्हिसा. अठरा वर्षांची बाई, नवरा बरोबर नाही. त्यांना अडवणारे होते ते इथले, समाजातले. तिथल्या बंदरात ‘परत जाल याचा पुरावा दाखवा’ असं कुणी म्हटलं नाही. कागदाची ही सक्ती पहिल्या महायुद्धात आली आणि आपल्याकडे १९२० च्या कायद्याने कायम झाली. आता समाज थोडा सैल झालाय आणि खिडकी घट्ट झालीय.

आता युरोपचं थोडक्यात सांगते, कारण आपल्या गटांना बोलावणी जास्त तिकडची येतात. एकोणतीस देशांचा मिळून शेंगेन व्हिसा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी करायचा. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, म्हणजे सेवाशुल्क धरून आमच्या या बाईचा महिन्याचा पगारच. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. कागद घेतात ते खासगी कंपनीचं केंद्र. तिथली मुलगी कितीही गोड बोलली तरी निर्णय तिच्या हातात नसतो, तो वकिलातीचा. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला १८५ डॉलर फी आणि प्रत्यक्ष मुलाखत. मुलाखत दोनतीन मिनिटांची, आणि आपण नेलेली जाडजूड फाइल अधिकारी उघडतही नाही असं पुष्कळदा होतं.

अमेरिकेचा कायदा तर सरळ सांगतो की भेटीसाठी येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आलाय असं आम्ही धरून चालतो, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करा. म्हणजे आरोप आधी आणि निर्दोषत्व शाबीत करायचं आपण. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ही पद्धत सासरी ओळखीची आहे.

आता खरा मुद्दा. हे सिद्ध कशाने करायचं? नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं खातं, आयकराचे कागद, घराची किंवा जमिनीची मालकी आणि कुटुंब. या यादीवरून एकदा बाईच्या नजरेने हात फिरवा. नोकरीचं पत्र घरकामगाराला कोण देणार? शेतात राबणारीला कोण देणार? बँकेत पैसे टिकतात कुठे? घर कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर कुणाचं नाव? आपण इतकी वर्षं जे ओरडतोय, की बाईच्या नावावर काही नाही, ते सगळं एका फॉर्मवर गोळा होऊन समोर येतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत ज्या गावांतून बायकांच्या नावावर तुकडा का होईना झाला, किंवा १९९४ नंतर महाराष्ट्रात ज्या मुलींनी वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मागितला, त्यांना तेव्हा वाटलं नसेल की हा उतारा परदेशी वकिलातीतही कामाला येईल. पण येतो. आमच्या तालुक्यातल्या एका बाईच्या अर्जाला वीस गुंठ्यांचा सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडला होता.

आणि ‘कुटुंब’ या शब्दात काय दडलंय? नवरा मागे राहतोय, मुलं मागे राहताहेत, म्हणजे बाई परत येणार. नवरा नसेल तर? विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित किंवा लग्न न केलेली तरुण मुलगी, हिच्याबद्दल शंका. लिहून कुणी देत नाही, पण प्रश्नांचा रोख पाहा. माझ्या एका अविवाहित मैत्रिणीला खिडकीवर विचारलं गेलं, “अजून लग्न का नाही केलं?” तिच्याबरोबरच्या पुरुष सहकाऱ्याला विचारलं, “परिषद कशावर आहे?” खुंट्याला बांधलेली गाय परत येते, मोकळी येईलच असं नाही, असा हा हिशेब. पुरुषांनाही व्हिसा नाकारतात, गरिबांना सर्रास नाकारतात, हे खरं आहे. पण पुरुषाला लग्न का नाही केलं म्हणून विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी अडचण नावाची. ही खास आपल्या महाराष्ट्रातली. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून बाईचं पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारकार्डावर दुसरी, बँकेत तिसरी. नवऱ्याने टाकलं की चौथी, कारण काही जणी माहेरचं नाव परत घेतात आणि काही जणी मुलांसाठी तेच ठेवतात. आपल्याला यात काही खटकत नाही, सगळं गाव ओळखतं. परक्या देशाच्या संगणकाला मात्र या तीन वेगळ्या बाया वाटतात. काही जणींच्या पासपोर्टवर तर नुसतं एकच नाव असतं, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने असा एकच शब्दाचा पासपोर्ट असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा केला. तेव्हा पासपोर्ट काढतानाच नावाच्या दोन्ही रकाने भरा, आणि सगळे कागद आधी एका नावावर आणा. त्यात सहा महिने जातात, म्हणून बोलावणं आल्यावर नव्हे, आजच सुरुवात करा.

नवऱ्याचं नाव पासपोर्टवर असलंच पाहिजे का? नाही. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले. लग्नाचा दाखला लागत नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव देण्याची किंवा हुकूमनामा जोडण्याची गरज नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव सक्तीचं नाही असं सांगितलं होतं. तो लढा एकट्या आईनेच दिला. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की बायकोला पासपोर्ट काढायला नवऱ्याची परवानगी किंवा सही लागत नाही. पासपोर्ट कार्यालयाने नवऱ्याच्या सहीचा अर्ज मागितला होता आणि त्या दोघांचा घटस्फोटाचा दावा चालू होता! नियम बदलून नऊ वर्षं झाली तरी खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात नवरा असतोच. तेव्हा नियमाची छापील प्रत बरोबर न्या.

लहान मुलाला घेऊन जायचं असेल तर मात्र गुंतागुंत आहे. पासपोर्टला दोन्ही पालकांच्या संमतीचा नमुना असतो. वडील सही करत नसतील तर एकट्या पालकाने करायच्या प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे, तो मागून घ्या. पण व्हिसाला पुन्हा वडिलांचं संमतिपत्र मागतात. मूल पळवून नेऊ नये हा त्यातला हेतू आहे आणि तो चुकीचा नाही. मारहाण करून हाकललेल्या बाईला मात्र तीच सही विकत घ्यावी लागते, कधी पोटगी सोडून. अशा वेळी मुलाच्या ताब्याचा कोर्टाचा हुकूम असेल तर तो जोडा, नसेल तर आधी कोर्टात जा. नवऱ्याने पासपोर्टच दडवून ठेवला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली तो परत मागता येतो. दंडाधिकारी बाईचं स्त्रीधन आणि इतर चीजवस्तू परत करायला सांगू शकतात. आणि पासपोर्ट मुळात नवऱ्याचा नव्हे, तुमचाही नव्हे, भारत सरकारच्या मालकीचा असतो. हे वाक्य मी एका सासऱ्यांना ऐकवलं तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

बाळंतपणाला जाणाऱ्या आयांबद्दलही विचारणा होते. लेक किंवा सून तिकडे, आई इथून सहा महिने जाते. आपल्या दृष्टीने हे माहेरपण, पण व्हिसा अधिकाऱ्याला अशी शंका येऊ शकते की ही बाई मूल सांभाळण्याच्या कामाला चाललीय. बाईचं घरकाम एरवी कुणी काम म्हणून मोजत नाही, इथे बरोबर मोजतात! खोटं मात्र बोलू नका. अमेरिकेत खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. ‘लेकीला आणि नातवंडाला भेटायला चाललेय, अमुक तारखेला परत येईन,’ हे खरं आहे, तेवढंच बोला. गरोदर बाईच्या बाबतीत २०२० पासून अमेरिकेचा नियम असा आहे, की मुक्कामात ती तिथे बाळंत होणार असं अधिकाऱ्याला वाटलं, तर मुलाला नागरिकत्व मिळवून देण्यासाठीच ती येतेय असं धरलं जातं. म्हणजे पोटाकडे बघून निर्णय.

काही जणींसाठी तर दार सरसकट बंद आहे. अर्जाआधीच्या दहा वर्षांत वेश्याव्यवसाय केलेल्या व्यक्तीला अमेरिकेचा कायदा प्रवेश नाकारतो. एचआयव्ही असलेल्यांवरची बंदी तिथे जानेवारी २०१० मध्ये उठली, तेव्हा कुठे २०१२ ची जागतिक एड्स परिषद वॉशिंग्टनला होऊ शकली. पण ज्यांनी वस्त्यांमध्ये ती साथ रोखायला सगळ्यांत जास्त काम केलं, त्या वेश्याव्यवसायातल्या बायकांना तिथे जाता येईना. मग त्यांनी त्याच आठवड्यात कलकत्त्याला आपली परिषद भरवली आणि जगभरच्या बायका तिथे आल्या. मला ही गोष्ट फार आवडते, पण त्यामुळे वॉशिंग्टनच्या सभागृहातल्या त्यांच्या खुर्च्या भरल्या असं नव्हे.

आता एक असा भाग, ज्यात व्हिसा मिळत नाही ही अडचण नसून फार सहज मिळतो ही अडचण आहे. आखातातला भेटीचा व्हिसा. तुमच्या वस्तीत एजंट येतो, म्हणतो, दुबईला बंगल्यात काम, पगार चांगला, तीन आठवड्यांत पाठवतो. नीट ऐका, कारण इथे पोरीबाळींचं आयुष्य जातं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘परवानगी आवश्यक’ असा दर्जा असतो. अशा व्यक्तीला आखातातल्या व इतर मिळून अठरा देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३ च्या कायद्याखाली सरकारी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ती मिळतच नाही, आणि तिशीच्या वरच्या बायकांची भरतीही २०१६ पासून सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. नोकरीसाठी नव्हे, नुसतं फिरायला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. एजंटाला एवढी फट पुरते. तो बाईला पर्यटक बनवतो, परतीचं तिकीट काढतो, विमानतळावर ‘बहिणीला भेटायला चाललेय’ असं म्हणायला पढवतो. पलीकडे उतरल्यावर ती कुणाच्या तरी घरात कामाला लागते. भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून ती गुन्हेगार. करार नाही, विमा नाही, सरकारी नोंदीत ती ‘कामगार’ नाहीच. मुदत संपली की दररोजचा दंड चढतो. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. मार खाल्ला तरी पोलिसांत जायची सोय नाही, गेली तर आधी तीच अडकते.

तीस वर्षांच्या अटीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्यावेत. माझं मत असं की बंदीने बायका थांबत नाहीत, फक्त चोरवाटेने जातात. सरकार म्हणतं आम्ही तुमचं रक्षण करतो, आणि प्रत्यक्षात बाई बिनकागदाची होते. पण आज नियम आहे तो असा आहे, म्हणून वस्तीत सांगायचं ते असं : एजंटाचा परवाना क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तो तपासा. व्हिसाच्या कागदावर ‘नोकरी’ आहे की ‘भेट’ हे शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. करार आपल्या भाषेत समजून घ्या. परवानाधारक एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यांहून जास्त घेता येत नाही. आणि पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाच्या प्रती घरी ठेवून मगच निघा. बाई आधीच गेली असेल आणि अडकली असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रारव्यवस्थेत घरच्यांनी नोंद करायची. या प्रतींवाचून ती नोंद लंगडी पडते, हे मी तीन घरांत पाहिलंय.

आमच्या कार्यकर्तीचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. शेंगेनच्या नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण तोवर बैठक संपून गेली. यंदा तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आम्ही फाइल वेगळी बांधली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचं तिचं नोंदणीपत्र. पाचपैकी चार घरच्या बाईंची पत्रं, की ही आमच्याकडे इतकी वर्षं कामाला आहे आणि अमुक तारखेला परत कामावर येणार आहे. पाचवीने पत्र दिलं नाही, वर “तिकडे जाऊन काय करणार?” असं विचारलं. मुलींचे शाळा-कॉलेजचे दाखले. बचतगटाच्या सात वर्षांच्या वहीचं भाषांतर, ते मी दोन रात्री बसून केलं. संघटनेचा ठराव. आणि मागच्या नकाराचा कागद, कारण ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ या प्रश्नाला हो म्हणायचं असतं, लपवायचं नसतं. त्याच कागदांचा दुसरा संच तिच्या हातातल्या पिशवीत राहील, कारण व्हिसा असला तरी तिकडच्या विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याची जागा आणि पैसे पुन्हा विचारू शकतात.

बोटांचे ठसे द्यायला गेलो तर यंत्र ठसे घेईना. पंचवीस वर्षं सोडा आणि राखेने भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, मग थोडं तेल, मग पुन्हा दाबा, पुन्हा दाबा. सातव्यांदा उमटले. बाहेर आल्यावर ती हात बघत म्हणाली, “आता तरी पटंल त्यास्नी मी काय काम करते ते.”

पासपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचाय. पाकीट तीच फोडणार आहे, आम्ही कुणी आधी हात लावायचा नाही असं ठरलंय.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण खरे फॉर्म घेऊन बसू. ज्यांनी शाळेचा दाखला आणि आधारकार्ड आणलंय त्यांनी दोन्हींवरची नावं आत्ताच शेजारी शेजारी ठेवून बघा.